भुऱ्याच्या पोटातली सुई

शिवकन्यानं एका हातानं भुऱ्याचा वरचा जबडा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या कुत्र्याच्या जिभेखाली घातलं. काळ्या दोऱ्याचं टोक तिथं दिसत होतं. तिनं ते चिमटीत पकडून हलकेच ओढलं, तसा भुऱ्या असा केकाटला, की तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. दोरा तसूभरही पुढं आला नव्हता. म्हणजे दुसऱ्या टोकाला सुई होती आणि ती आत कुठंतरी रुतली होती.

"अहो," तिनं अंगणाकडं हाक मारली, "गाडी स्टँडावर नेऊ नका. आधी इकडं या."

राधाकिशन वडवणी ते बीड प्रवासी जीप चालवायचा. सकाळच्या फेरीआधी तो काच पुसत होता. फडकं खांद्यावर टाकून तो आला, वाकून बघू लागला.

"सुई कशी गेली ह्याच्या पोटात?"

"माझ्यामुळं."

संक्रांत चार दिवसांवर आली होती. ओट्यावरच्या शिलाई मशीनशेजारी काळ्या ब्लाउजांचा ढीग पडला होता. काल संध्याकाळी हुक लावता लावताच तिनं तूप-पोळी खाल्ली, तुपाचे हात चिंधीला पुसले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून हातातली सुई त्याच चिंधीत टोचून उठली. सकाळी चिंधीच्या दशा अंगणात सापडल्या. भुऱ्या रिकाम्या पोटी ओकाऱ्या काढत होता.

"तुपात भिजवलेला भाकरीचा लगदा घाल. उतरंल खाली," राधाकिशन म्हणाला. "कुत्र्याला काय एवढं होतंय?"

"आपलं असतं तर घातला असता. दुसऱ्याची अमानत हाय."

दसऱ्यानंतर शेजारचे शहादेव आणि योगिता ऊसतोडीला गेले, तेव्हापासून भुऱ्याचा जिम्मा तिच्यावर होता. ट्रॅक्टर सुरू झाला होता, ट्रॉलीत बाजली आणि भांडी खडखडत होती. त्या गोंगाटात योगितानं आपल्या दाराकडं हात करून ओरडून सांगितलं होतं, "आक्का, ध्यान ठेवा!" दारात भुऱ्या बसला होता. शिवकन्यानं मान डोलावली होती. पुढं तिनं दोन वेळची भाकरी कधी चुकवली नाही. योगितानं तीन महिन्यांत दोनदा फोन केला, पण भुऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही. शिवकन्याला त्याचा राग आला होता. मुक्या जिवाला सोडून जातात आणि विचारतही नाहीत, म्हणून तिनंही मुद्दामच तो विषय काढला नव्हता.

त्या दिवशी जीपमध्ये एकही प्रवासी न घेता राधाकिशननं गाडी बीडला आणली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव स्वप्ना होतं. वयानं लहान होत्या, पण हात सराईत होते. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. फासळ्यांच्या खाली एक बारीक, सरळ, पांढरी रेघ होती.

"बरं झालं, दोरा जोरात ओढला नाहीत," त्या म्हणाल्या. "सुईचं टोक पोटाच्या आतल्या बाजूला शिरलंय. आज ऑपरेशन करावं लागेल. सगळं मिळून सोळा हजारांपर्यंत जाईल."

"आन न्हाई केलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खाली ठेवला. "तर मावशी, दोन-तीन दिवस काढेल. पण ते दिवस वाईट जातील त्याचे." मग त्यांनी कागद पुढं ओढला. "मालक तुम्हीच ना?"

"न्हाई. शेजाऱ्याचं हाय. ते उसाला गेलेत."

"मग त्यांना फोन करून विचारा. पोट उघडायचं म्हणजे मालकाची परवानगी लागते."

दोघं बाहेर पायरीवर येऊन बसले.

"तू पैसे साठवतीस ती साडीच्या पिकोची मशीन येती तेवढ्यात," राधाकिशन म्हणाला.

"मला मालूम हाय."

"मशीनचं जाऊ दे. पण आपण कापायला लावलं आन कुत्रं दगावलं, तर शहादेव म्हणणार, कुणाला इचारून केलं? न्हाई केलं, तर म्हणणार, आमच्या माघारी मारलं. दोन्हीकडून आपणच वाईट."

"सुई माझी व्हती," शिवकन्या म्हणाली. सकाळपासून हे वाक्य ती मनातल्या मनात योगितापुढं घोळवत होती. योगिता काय म्हणेल, ते काही तिला सुचत नव्हतं.

तिनं फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा योगितानं उचलला. तिला धाप लागली होती आणि मागं कोयत्यांचा सपसप आवाज येत होता.

शिवकन्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. चिंधी, तूप, सुई, ऑपरेशन. "पैसे आमी भरतो बाई. चूक माझी हाय. तू निस्तं हो म्हण."

पलीकडं कोयत्यांचा आवाज जरा लांब गेला.

"आक्का, पण मला कावून इचारता? ते तुमचं हाय ना?"

"माझं कुठलं? तूच तर जाताना सांगितलं, ध्यान ठेवा म्हणून!"

"घराकडं ओ आक्का! कडी जरा ढिली झालती, म्हणून म्हणलं घराकडं ध्यान ठेवा." योगिता हसायलाच लागली. "ते तर आमी राह्याला यायच्या आधीपासून तुमच्या ओट्यावर बसायचं. तुमचंच हाय म्हणून आमी कधी हाकललं न्हाई. उरलीसुरली भाकर टाकायचो, म्हणून आमच्या दारात यायचं." मग तिचं हसू थांबलं. "लई तरास हुतोय का त्याला?"

"हुतोय."

"मंग बघा बाई तुमाला कसं जमतंय तसं. आमचं काही म्हणणं न्हाई."

फोन मांडीवर ठेवून शिवकन्यानं नवऱ्याला सांगितलं. तो तिच्याकडं बघतच राहिला.

"म्हणजे कुणाचंच न्हाई?"

"कुणाचंच न्हाई."

"सुटलो बघ." राधाकिशननं मोठा श्वास सोडला आणि खिशातून जीपची किल्ली काढली.

तिच्याही छातीवरचा दगड उतरला होता. आता कुणी जाब विचारणार नव्हतं. आत्ता निघालं तर दुपारपर्यंत घर गाठता आलं असतं, संध्याकाळपर्यंत चार ब्लाउज उरकले असते. शहादेव-योगिताला तोंड कसं दाखवायचं, ही सकाळपासूनची भीती एका फोनसरशी गेली होती. ती उठली, पदर झटकला आणि आत गेली. टेबलावर भुऱ्या मान टाकून पडला होता.

"काय म्हणाले मालक?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मालकीण म्हणती, करा," शिवकन्या म्हणाली. "अंगठा न्हाई, मला सही येती. मालकाच्या जागी कुठं करू?"

राधाकिशन दारात उभा होता. त्यानं बायकोला वाकून सही करताना पाहिलं. किल्ली त्यानं दोनदा बोटाभोवती फिरवली.

"चौकात एटीएम हाय," तो म्हणाला. "मी पैसे घेऊन येतो. तू हितंच थांब, ते घाबरंल."

दीड तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातातल्या स्टीलच्या थाळीत सुई होती, तिच्या नेढ्यात काळा दोरा आणि त्याला चिंधीचा एक पिवळट गोळा. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. शिवकन्या तिथंच बाकावर बसली. राधाकिशन कुठूनतरी दोन चहा घेऊन आला. तिच्या कपात त्यानं आपल्या कपातला थोडा आणखी ओतला.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीला भुऱ्या घरी निघाला. पोटाला पट्टा बांधलेला, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा नरसाळ्यासारखा भोंगा. मागच्या दोन सीटांच्या मधल्या जागेत गोधडी अंथरून त्याला झोपवलं होतं. बीडच्या स्टँडावर जीप भरत आली. शेवटी एक जाडजूड बाई तिळाची पिशवी आणि दोन बोचकी घेऊन आत शिरली आणि पाय टेकता टेकता थबकली.

"अगं बया, कुत्रं! कुणाचं हाय ओ हे? खाली उतरवा की त्याला, दोन माणसं बसतील हितं."

शिवकन्या काही बोलणार, एवढ्यात पुढं राधाकिशननं गिअर टाकला.

"घरचं हाय मावशी," आरशात न बघताच तो म्हणाला. "जरा पाय जपून ठेवा."