पलीकडच्या खोलीतला आवाज

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरका, कारण आजची गोष्ट हळू आवाजाची आहे. राजाराणीची नाही, शूरवीराची नाही. खिशात मावेल एवढ्या एका डबीची आहे, एका म्हाताऱ्या शिंप्याची आणि त्याच्या लेकीची आहे. मन लावून ऐकाल तर सांगतो.

"अप्पा, ऐकू येतंय?"

"लख्ख!"

"खरखर?"

"नावाला नाही. आता तू चिडून पुटपुटतेस ना, तेसुद्धा स्वच्छ कळतंय. जपून राहा."

लेक हसली. अप्पांच्या सदऱ्याच्या आत, छातीवर, एक चोरखिसा होता. तो त्यांनीच शिवलेला. आयुष्यभर लोकांच्या मापाचे कपडे बेतले, आता स्वतःच्या प्रत्येक सदऱ्याला त्यांनी असा खिसा लावून घेतला होता. त्यात श्रवणयंत्राची डबी बसायची आणि तिची बारीक वायर कॉलरमधून दोन्ही कानांपर्यंत जायची.

ती डबी लेकीने बनवलेली. श्रवणयंत्रं बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती सर्किटं आखायची. तिथे सगळे तिला ताई म्हणत. मालक तिच्याहून वयाने मोठे, तेही ताईच म्हणत. पांढरे होऊ लागलेले केस मागे घट्ट बांधून, भिंगाच्या दिव्याखाली वाकून बसलेली ताई, यापलीकडे तिच्याविषयी कुणाला फारसं सांगता आलं नसतं. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं." जणू इस्त्रीचे कपडे आणायचे राहून गेले.

तर झालं असं, की जुन्या डबीत आवाज मोठा करणारी जी चिप होती, ती बनवणं कंपनीने बंद केलं. जुनी चिप साधी बिचारी. जे येईल ते मोठं करायची. माणूस बोलला तर माणूस, दार आपटलं तर दार. आणि वर स्वतःची सूं सूं. अप्पा म्हणायचे, कानात बारा महिने पाऊस पडतोय. तिच्या जागी आता नवी चिप आली. अर्धी जुन्या वळणाची, अर्धी नव्या. एका बाजूने आवाजाची लाट आत घ्यायची, तिचे आकडे करायचे, आकड्यांमधून माणसाचं बोलणं तेवढं निवडायचं, बाकीचं पाखडून टाकायचं आणि उरलेल्याचा पुन्हा आवाज करून कानात सोडायचा. हे सगळं मोहरीच्या दाण्याहून जरा मोठ्या तुकड्यात.

डाग देऊन सुटे भाग जोडणाऱ्या बाईंना कारखान्यात चिमटेबाई म्हणत. त्यांनी ती चिप भिंगाखाली पाहिली आणि पदर नाकाला लावला.

"ताई, ही शिंक आली तर गेलीच हो. मी श्वास रोखून जोडते. मेले तर मालकांना सांगा, कामावर असताना गेले म्हणून."

पहिली डबी ताईने अप्पांना आणली. मालक सोमवारी आराखडा पक्का करणार होते. एकदा पक्का झाला, की साचे बनणार आणि पुढच्या सगळ्या डब्या त्याच वळणाच्या होणार. त्याआधी ताईला घरी पारख करून घ्यायची होती. रोज सकाळी ती विचारायची, संध्याकाळी विचारायची, जेवताना विचारायची. "अप्पा, ऐकू येतंय?" आणि अप्पा रोज सांगायचे, "लख्ख." खोटं नाही बोलायचे हो ते.

पण अप्पा सारखे उठायला लागले.

ताई आतल्या खोलीत टेबलापाशी काम करत असायची. मान वर केली, की दारात अप्पा.

"काय हवंय?"

"काही नाही."

"मग?"

"बघत होतो, आहेस का."

"आहे की. कुठे जाणार मी?"

"ते खरंच," म्हणून अप्पा परत जायचे. पुन्हा थोड्या वेळाने दारात. एकदा ताईच्या हातात तापलेली डागणी होती, मागे सावली हलली, ती दचकली आणि नको तिथे चटका बसला. सर्किट फुकट गेलं.

"अप्पा, असं भुतासारखं मागे येऊन उभं राहू नका हो! सुधरत नाही मला काही!"

अप्पांनी मान हलवली. त्यानंतर ते आले नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहू लागले. जेवणही कमी झालं. ताईने हाक मारली तर वळून बघेनात. एके दिवशी तिने सदऱ्याच्या खिशाला हात लावून पाहिला, तर खिसा सपाट. डबी कपाटात, हातरुमालात नीट गुंडाळून ठेवलेली. जशी आपण परत करायची वस्तू ठेवतो.

 उरलेलं सगळं आयुष्य बापाला मुकं घर देऊन ठेवायचं की काय? तिने डबी उघडली. बॅटरी नवी, वायर धड, डाग पक्के. टेबलावर बोलण्याचे ध्वनिमुद्रित नमुने लावून पाहिले, एकूण एक शब्द मोत्यासारखा. कुठेच काही चूक नाही.

शनिवारी दुपारी अप्पा आडवे झाले होते. ताईने डबी स्वतःच्या कमरेला खोचली, वायरीच्या टोकाची बोंडं दोन्ही कानांत घट्ट बसवली आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला घेतली.

नळ सोडला. पाणी पडताना दिसलं, आवाज मात्र नाही. पातेलं ओट्यावर ठेवलं, तेही कापसावर ठेवल्यासारखं. वर पंखा फिरत होता, मुकाट. खिडकीतून रस्त्यावरची वर्दळ दिसत होती, चित्रासारखी. ताईच्या मनात आधी कारागिराचा अभिमान आला. काय साफ काम केलंय पठ्ठीने! बोलणं नाही ना, मग सगळा गोंगाट. सगळा पाखडून टाकला. आणि मग, हात साबणात असताना, तिला उगीचच मागे वळून पाहावंसं वाटलं. कुणी नव्हतं. ती पुन्हा भांड्याकडे वळली. पुन्हा वाटलं. मानेवर एक गार झुळूक बसावी तसं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

"आई गं!" ताई किंचाळली. हातातली वाटी खाली पडून गोल फिरत गेली, बिनआवाजाची.

अप्पा उभे होते. तिच्या कानाकडे बघत होते. त्यांचा आवाज मात्र तिला काचेसारखा स्वच्छ आला.

"घाबरलीस? मला रोज असंच होतं बघ."

ताईने ओल्या हातांनी बोंडं काढली, पुसली, अप्पांच्या कानांत घातली आणि डबी त्यांच्या खिशात सोडली. मग बोलली.

"मग सांगितलं का नाहीत? रोज विचारत होते ना मी?"

"तू विचारायचीस तेव्हा तू असायचीस की."

ती गप्प झाली. ती गप्प झाल्याबरोबर अप्पांचा चेहरा जरासा विझला, हेही तिने पाहिलं. इतके दिवस समोर असून पाहिलं नव्हतं.

अप्पा खाली बसले. "हे बघ पोरी. डबी काढली की मी बहिरा. ते मला ठाऊक असतं. तू आत आहेस असं धरून चालतो आणि बसतो. पण डबी घातली की मी ऐकत असतो. आणि ऐकत असतो, तरी घरात कुणी नसतं."

मंडळी, आपण हाका मारतो, देव काही ओ देत नाही. पण म्हणून तो घरात नाही असं थोडंच? पलीकडच्या खोलीत त्याची खुडबुड चालू असते. पान हलतं, पाणी वाहतं, झोपलेल्या लेकराचा श्वास चालतो. त्याच्या बोलण्यावर नाही, या खुडबुडीवर आपण जगतो. ती जर कुणी गोंगाट म्हणून पाखडून टाकली, तर भक्ताने करावं काय?

सोमवारी मालक कागद पसरून बसलेच होते. माणूस चांगला, पण घाईचा.

"ताई, आता बदल? लोक शांतता मागतात हो."

"बाजारात मागतात. घरी नाही मागत."

"चिप तर तुम्हीच पसंत केलीत!"

"आणि ती उत्तमच आहे. पसंती तिची बरोबर होती, पारख माझी चुकली. मी बोलूनच विचारत होते." तिने डबी पुढे केली. "घाला. आमच्याकडे पाठ करून बसा. आम्ही आपापलं काम करतो."

मालकांनी बोंडं घातली, खिडकीकडे तोंड केलं. ताईने ओठांवर बोट ठेवलं. मागे कारखाना चालू राहिला. चिमटेबाईंचा चिमटा वाजत होता, स्टुलं सरकत होती, हवा ओढणारा पंखा घरघरत होता. मालक बसले. बसले. मग खुर्चीत चुळबुळले आणि गर्रकन वळले.

"सगळे आहात ना?"

"चहा आल्याशिवाय कुठे जातोय?" चिमटेबाई म्हणाल्या.

मालक हसले नाहीत. त्यांनी बोंडं काढून हातात धरली. त्यांच्या घरीही म्हातारी आई होती.

"किती वेळ लागेल?"

"लागेल थोडा."

"लागू दे," म्हणाले, आणि कागद गुंडाळले.

ताईने नव्या चिपेच्या शेजारी आणखी एक नवी चिप बसवली. ही दुसरी पार जुन्या वळणाची, जे येईल ते मोठं करणारी. पण इतकी कमी खाणारी, की बॅटरीला पाहुणा आल्याचं कळू नये, आणि स्वतःची सूं सूं जवळजवळ नाहीच. एकीकडून निवडलेलं बोलणं, दुसरीकडून आहे तसं घर. दोन्ही एका कानात सोडलं, तर भलतंच. आकडे करणाऱ्या चिपेला विचार करायला क्षणभर लागतो, म्हणून बोलणं मागून यायचं. आधी घरातून, मग निवडून. एकच शब्द दोनदा, विहिरीत वाकून बोलल्यासारखा. ताईने डोकं धरलं. शेवटी तिने पाहिलं, की बोलणं सुरू झालं की पहिली चिप आपल्या एका पायावर, म्हणजे बाहेर आलेल्या बारीक तारेवर, तशी खूण देते. ती खूण तिने दुसरीला जोडली. कुणी बोलू लागलं, की घराने आवाज उतरवायचा. बोलणं थांबलं, की घराने परत यायचं.

तेवढे दिवस अप्पा डबीशिवाय होते. ताईने आपलं टेबल ओढत आणून त्यांच्या खुर्चीसमोर लावलं. मान वर केली, की दोघं एकमेकांना दिसायची. अप्पा काजं करत बसायचे. कारखान्यातल्या सगळ्यांच्या सदऱ्यांना.

डबी झाली तेव्हा ताईने ती त्यांच्या खिशात ठेवली, बोंडं कानांत बसवली. तोंडावर आलेलं "ऐकू येतंय?" तिने गिळलं. काहीही न बोलता ती आत गेली.

आत करायला काही काम नव्हतं. तिने डब्यांची झाकणं काढली, लावली. चादर झटकून घडी केली. पावलं नेहमीसारखी टाकली, मुद्दाम जोरात नाहीत, मुद्दाम हळूही नाहीत. बाहेर सामसूम. खुर्ची करकरली नाही, अप्पा उठले नाहीत. ताईला वाटलं, गेलं सगळं फुकट.  मग बाहेरून, नुसतं घरातल्या घरात बोलावं तसा आवाज आला.

"अगं, नळ टपकतोय."

ताई नळापाशी गेली. खरंच टपकत होता. इतका बारीक, की तिलाही कळला नव्हता. "करते बंद" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आपण बोललो, की घर मागे सरेल. नळावर ठेवलेला हात तिने काढून घेतला. खाली एक पातेलं ठेवलं आणि टपकू दिलं.

मग दारातून पाहिलं. अप्पांनी मान खुर्चीच्या पाठीवर टेकली होती. डोळे मिटले होते, बोटं मांडीवर थेंबागणिक जराशी हलत होती, आणि डबी खिशात होती.

अप्पा आता नाहीत. तशा डब्या मात्र कितीतरी छात्यांवर आहेत. मी जास्त काही मागत नाही. कधी घरात कुणी बोलत नसेल, आणि पलीकडच्या खोलीत आपलं माणूस काहीतरी उचलून ठेवत असेल, तेव्हा क्षणभर त्या शिंप्याची आठवण काढा.