गालेर म्हणजे अडचण नव्हे

मी एक जुना फ्रेंच-इंग्रजी शब्दकोश आहे. माझा कणा दोनदा शिवलेला आहे आणि शेवटची नऊ पाने वाळवीने नेली आहेत. मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे आपली कहाणी ओल्या डोळ्यांनी सांगतात, असा रिवाज आहे. माझे डोळे कोरडे आहेत. मी रागावलो आहे. ऐका.

मला घडवायला माणसांना अकरा वर्षे लागली. एकेका शब्दासाठी त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या, त्या दोऱ्यात ओवल्या, एकेका अर्थावरून भांडणे केली. शब्दाला चार अर्थ असतील तर चारही क्रमाने मांडले आणि जो अर्थ फक्त जुन्या काळाचा, त्याच्यापुढे बारीक अक्षरांत ‘इतिहास’ अशी खूण केली. ही खूण पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

एका फ्रेंच बंदरातल्या दुकानातून मला एका खलाशाने विकत घेतले. तो रायगडच्या किनाऱ्यावरचा. त्याची भाची खैरुन्निसा फ्रेंच शिकत होती, तिच्यासाठी. पुढे खैरुन्निसा मॅडम कॉलेजात फ्रेंच शिकवू लागल्या आणि तीस वर्षे मी त्यांच्या टेबलावर राहिलो. त्या मुलांना सांगत, पहिला अर्थ बघून पुस्तक मिटतो तो आळशी आणि चौथ्या अर्थापर्यंत जातो तो अनुवादक. माझ्या समासांत त्यांची पेन्सिल अजून आहे. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला आपल्या सगळ्यांत चिवट विद्यार्थिनीच्या हातात दिले. तिचे नाव रंजिता.

रंजिता उरणकडची, आगऱ्याची मुलगी. तिचे वडील देवजी यांनी उभी हयात मिठागरात काढली. द्रोणागिरीला आज जिथे कंटेनर रचलेले दिसतात, तिथे त्यांनी पायांनी चिखल तुडवून मिठाचे वाफे बांधले होते. आई गेल्यावर रंजिता त्यांना सीवूड्सला आपल्या भाड्याच्या घरी घेऊन आली. घरी बसूनच ती सानपाड्याच्या एका लहानशा अनुवाद कंपनीचे काम करी. कंपनी विपुल सरांची.

सुरुवातीची वर्षे माझ्या मानाची होती. रंजिता दिवसातून तीस-चाळीस वेळा मला उघडी. करार असोत, औषधांच्या चिठ्ठ्या असोत, रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार असोत. ‘त्याने मला ससा ठेवला’ असे फ्रेंच माणूस म्हणाला, तर तो कबूल करून भेटायला आलाच नाही असा अर्थ, हे तिला मीच सांगितले. ती मराठीत हसे, इंग्रजीत लिही.

मग ते मिठाचे काम आले. फ्रान्समधल्या एका छोट्या संग्रहालयाला मिठाच्या कराविषयीचे जुने कागद इंग्रजीत हवे होते, भिंतीवरच्या फलकांसाठी आणि एका पुस्तकासाठी. त्या काळी राजा मिठावर ‘गाबेल’ नावाचा कर घेई. एका प्रांतात तो जबर, शेजारच्या प्रांतात मुळीच नाही. मग गरीब माणसे स्वस्त मीठ पाठीवर घालून चोरवाटेने सरहद्द ओलांडत. त्यांना म्हणत ‘फो सोनिए’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘खोटा मीठवाला’. पण माझ्या पानावर ‘इतिहास’ अशी खूण करून लिहिले आहे: कर चुकवून मीठ नेणारा. मीठ खरेच असे, फक्त राजाचा वाटा दिलेला नसे.

रंजिताने जीव ओतला. दीड महिना ती फक्त शब्दांची यादी करत होती. देवजी चहा घेऊन येत, काय चाललेय विचारत आणि ती सांगे की बाबा, तुमच्याच धंद्याचे आहे.

विपुल सरांना मात्र घाई झाली. त्यांनी यंत्राकडून सगळे भाषांतर एका दुपारी करवून घेतले आणि तिला पाठवले. आता नव्याने काही करू नकोस, वरवर नजर फिरव, तपासल्याचे पत्र सही करून दे, असे फोनवर सांगितले. तिने कुरकुर केली, तेव्हा ते म्हणाले, “टेन्शन कशाला घेतेस? वाचायला स्मूथ आहे ना? मग झालं.”

तिने सही केली. मित्रांनो, मी यंत्रावर रागावलो नाही. यंत्राला लाज नसते, तर राग तरी कशाला धरायचा? मी रागावलो तो तिच्यावर. तीनशे पानांपैकी तिने वीस वाचली, तीही जांभया देत. त्यानंतर तसलीच कामे येत गेली आणि मला तिने संगणकाच्या पडद्याखाली सारले, पडदा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून. अकरा वर्षांच्या भांडणातून जन्मलेला मी, चार बोटे उंची देणारी वीट झालो.

सात महिन्यांनी छापील पुस्तकाची प्रत घरी आली. देवजींनी ती हातात घेतली, चित्रे पाहिली. मिठागरे तिथलीही तशीच, वाफे तसेच, ढीग तसेच. त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणाले, एक पान वाचून दाखव. रंजिताने मधलेच एक उघडले. पेरीन नावाच्या बाईचा अर्ज होता, नवरा मातुरँ याच्याविषयी. रंजिता इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागली: माझा नवरा खोटे मीठ बनवत असे. त्याला तीन वर्षे अडचणींना तोंड द्यावे लागले आणि त्याला त्याचे फार नवल वाटले.

देवजींनी मान हलवली. “मीठ खोटा कसा व्हईल गो? रेती मिसलली तं जिभेला लगेच कलतं. असा मीठ कोन घेनार?”

रंजिताने फ्रेंच मजकूर काढला. मग पडदा उचलून मला बाहेर ओढले, धूळसुद्धा न पुसता. आधी ‘फो सोनिए’ पाहिले. ते तिला माहीत होते, तिच्या स्वतःच्या यादीत होते. मग ‘गालेर’ पाहिले. आजचा फ्रेंच मुलगा परीक्षा अवघड गेली की म्हणतो, काय गालेर आहे! म्हणजे कटकट, अडचण. पण त्या अर्थाच्या वर ‘इतिहास’ ही खूण आहे आणि तिच्यापुढे लिहिले आहे: वल्ह्यांची जहाजे, ज्यांवर कैद्यांना साखळीने बांधून वल्ही मारायला लावत. शेवटी तिने तो साधासा वाक्प्रचार पाहिला. एखाद्याला नवल वाटले की फ्रेंच माणूस रोजच्या बोलण्यात म्हणतो, ‘मी तिथून परत येत नाही.’ पेरीनने तो वाक्प्रचार म्हणून लिहिलाच नव्हता. तिने जे लिहिले तेच तिला म्हणायचे होते. तो तिथून परत आला नाही.

रंजिताने छापील पुस्तक माझ्यावर उपडे ठेवले आणि वडिलांना खरे काय ते सांगितले. तो माणूस पोरांच्या पेजेसाठी मीठ आणत होता. त्याला पकडून तीन वर्षे जहाजावर साखळीने बांधला. तो मेला.

देवजी आपल्या भेगाळलेल्या टाचा चोळत बसले. मग म्हणाले, “आनि तुमी लिवला, त्याला अडचन आली.”

ते ओरडले असते तर तिला सोपे गेले असते.

पुढचे चार दिवस ती जेवायलाही नीट उठली नाही. अख्खे पुस्तक मूळ फ्रेंचशी ताडून पाहिले. एक्केचाळीस चुका निघाल्या. ‘ताय’ म्हणजे कंबरही आणि जमिनीवरचा एक जुना करही; तो कर कमरेचे माप झाला होता. राजाचे मिठाचे कोठार माळा झाले होते. माझी पाने उलटताना तिचा हात इतका जोरात चाले की एक पान फाटले. मला बरे वाटले. कित्येक महिन्यांनी माझ्या घरात भांडण चालू झाले होते.

पाचव्या दिवशी तिने मला पिशवीत घातले आणि सानपाड्याच्या कचेरीत विपुल सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले. यादी पुढे केली. त्यांनी यादी चाळली, मला उघडले नाही. त्यांचे म्हणणे असे की संग्रहालय खूश आहे, शेकडो प्रती गेल्या आहेत, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा एक चोर होता की भेसळवाला, याने कुणाचे काय बिघडते? आता खोड काढली तर कंपनीचे नाव जाईल.

“आणि कुणी तक्रार केलीय का?” त्यांनी विचारले. “तपासून सही तर तूच केलीयस.”

“केली, सर,” रंजिता म्हणाली. “म्हणून तक्रारही मीच करतेय.”

त्यांनी बजावले की पत्र पाठवलेस तर इथले काम संपले. तिने मला पिशवीत घातले आणि संध्याकाळी घरून पत्र पाठवले. त्याचे पहिले वाक्य होते: मी हे पुस्तक तपासले असे लिहून दिले होते, ते खोटे आहे. खाली एक्केचाळीस चुका, पानांसकट. तिचे काम त्याच आठवड्यात गेले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. संग्रहालयाच्या बाई रागावल्या होत्या, आणि ते योग्यच होते. पण त्यांनी विक्री थांबवली, फलक उतरवले आणि सगळा अनुवाद पुन्हा करायला रंजितालाच सांगितले, एका अटीवर: एकेक शब्द ती स्वतः पाहील. नवा फलक आता भिंतीवर आहे. मातुरँ तिथे कर चुकवून मीठ नेणारा आहे, राजाच्या जहाजावर मेलेला. फलकाचा फोटो रंजिताने वडिलांना दाखवला. देवजींनी त्यातले मातुरँचे नाव कुठले ते विचारून घेतले आणि त्यावर बोट ठेवले.

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हाला गोड वाटले असते. पण विकलेल्या प्रती परत येत नाहीत. परवाच रंजिताला कुठल्याशा परदेशी विद्यार्थ्याचा निबंध सापडला. त्यात लिहिले आहे की त्या काळी मिठात भेसळ करणाऱ्यांना अडचणी सोसाव्या लागत. खाली आधार म्हणून तेच पुस्तक, तेच पान. तिने त्याला लिहिले आहे. त्याचे उत्तर आलेले नाही. विपुल सरांची कंपनी चालू आहे, कामे भराभर होत आहेत.

म्हणून मित्रांनो, मी विनवणी करणार नाही, बजावणार आहे. माझी धूळ पुसू नका, मला कव्हर घालू नका, मला त्याचे काही नाही. पण दुसऱ्याचे बोलणे आपल्या भाषेत आणायचे असेल, तर चौथ्या अर्थापर्यंत जा. जिवंत माणूस निदान म्हणू शकतो की मी असे बोललो नव्हतो. पेरीन म्हणू शकत नाही.

तिला लिहिता येत नव्हते. गावच्या धर्मगुरूकडून तिने तो अर्ज लिहून घेतला आणि खाली फुली मारली. तो एका अधिकाऱ्याकडे गेला. त्याने कोपऱ्यात तारीख टाकली आणि न वाचता गठ्ठ्यात बांधला. तसे त्या गठ्ठ्यावरच नोंदवले आहे. इतक्या वर्षांनी तो गठ्ठा सुटला, कागद समुद्र ओलांडून आपल्या घरी आला. तिचे म्हणणे वाचायची पाळी आपली होती. आणि आपणही त्यावर न वाचता सही केली.