पुस्तकातलं आईचं पान

मी आरसा बोलतोय. शिवणखोलीतला, माणसाच्या उंचीचा, खालच्या कोपऱ्यात ओल लागून काळा डाग पडलेला. तोंडदेखलं बोलणं मला जन्मात जमलं नाही, त्यामुळे माझ्यापुढून कोणी हसत गेलं, कोणी फुगून गेलं.

कारखान्यात पाठीला चांदीचा लेप बसला आणि मला बघता यायला लागलं. मग हातगाडीवर उताणा पडून, आभाळ बघत बघत मी या घरी आलो. मालकीण कपडे शिवते. गिऱ्हाइकाला माझ्यासमोर उभं करायचं, तोंडात टाचण्या धरायच्या आणि त्याच तोंडाने जगाच्या गप्पा मारायच्या, ही तिची पद्धत. एकही टाचणी पोटात गेली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

एका सकाळी तिच्या तोंडाची डावी बाजू रुसून बसली. डोळा मिटेना, पाणी पिताना ओठातून ओघळायचं. डॉक्टरांनी व्यायाम दिले. आरशात बघून गाल फुगवा, भुवया उचला, शिट्टी वाजवा. दार लावून ती माझ्यासमोर बसायची. रडायची, डोळे पुसून पुन्हा गाल फुगवायची. हळूहळू चेहरा बराचसा परतला, हसू मात्र जरा कललेलं राहिलं. माझ्यात बघून बघून तिने ते आपलंसं केलं. पण कोणी फोटो म्हटलं की ती उठून जायची.

"फोटोत कोण ती बाई येते, कुणास ठाऊक! वाकडं तोंड करून माझ्याकडेच बघते."

मग लेकीला लांबच्या शहरात नोकरी लागली. जाताना घरच्यांच्या चेहऱ्यांचं, हाताने केलेलं पुस्तक न्यायचं तिने मनावर घेतलं. जाड कागदांच्या घड्या घातल्या, आईच्या दोऱ्याला मेण लावून त्या शिवल्या, पुठ्ठ्यावर आईकडचंच उरलेलं कापड चढवलं. फोटो सगळे प्रतिबिंबांचे. बाबा दाढीच्या आरशात, अर्धे फेसात. धाकटा भाऊ पातेल्याच्या पोटावर, भोपळ्यासारखा फुगलेला. खरं तर ही सगळी खटपट आईसाठी होती.

"आई, तुझा नाही गं काढत. आरशाचा फोटो काढते. तू आपली त्यात असशील, एवढंच."

"मोठी शहाणी लागून गेलीस!" आई म्हणाली, पण उभी राहिली. तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि माझ्याकडे बघून छान हसली.

फोटो छापून आले. लेकीने खळ लावून आईचा फोटो पानावर चिकटवला आणि पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. आईचा चेहरा पडला.

"हीच ती बाई. म्हटलं होतं ना?"

"अगं, पण आरशातलाच आहे हा!"

"असू दे. मला नको घेऊस तुझ्या पुस्तकात." तिने ओला फोटो सोलून काढला, लेकीच्या हातात दिला आणि मशीनवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी लेकीची गाडी होती. बिचारी फोटो छातीशी धरून माझ्यासमोर मुसमुसत उभी राहिली. मशीन चालवता चालवता आईने मान वळवली आणि माझ्यात तिला तो फोटो दिसला. मशीन थांबलं.

"अगं बाई! ही तर मी!"

लेक एकदा फोटोकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग तिचं लक्ष फोटोत आईच्या मागे भिंतीवर दिसणाऱ्या कॅलेंडरकडे गेलं. माझ्यात त्याचे आकडे उलटे दिसतात. फोटोत ते चक्क सुलटे होते. उलटे आकडे बघून फोटो छापणाऱ्या काकांना वाटलं, पोरीकडून काहीतरी चुकलं. त्यांनी न विचारताच फोटो डावा-उजवा फिरवून दिला होता, म्हणून त्यात आई माझ्यातल्यासारखी नाही, इतरांना दिसते तशी आली होती. उपकारच केले म्हणायचे!

"आत्ता जाते, बदलून आणते."

"थांब." आईने फोटो हातात घेतला. "म्हणजे तुम्हाला मी अशी दिसते?"

"हो."

"रोज?"

"रोजच. आम्हाला दुसरी आई कुठे माहितीये?"

आई कितीतरी वेळ त्या बाईकडे बघत राहिली. मग तिनेच खळीची वाटी पुढे सरकवली.

"लाव मग हाच. तुझ्या पुस्तकात तुझी आई असू दे. माझी मी मला आरशात भेटतेच."

आता माझा डाग वर चढत चाललाय. नवा आरसा घ्या, असं गिऱ्हाइकं सुचवतात. मालकीण ऐकून न ऐकल्यासारखं करते. संध्याकाळी मशीन झाकलं की ती माझ्यासमोर येते, हसते, मान तिरकी करून करून बघते. लेकीला दिसते ती आई शोधते. ती काही मला दाखवता येत नाही हो. तेवढ्यासाठी तरी पोरीला पुस्तक घेऊन घरी यायला लवकर सुट्टी द्या.