हबच्या तुलनेवरची सही

"बाण लॉकवर हाय बगा, अप्पा. तरी पुढची चाकं ओढंनात," निवृत्ती म्हणाला आणि सीटवरून वाळूत उतरला.

"जॅक आण," मेकॅनिक गुरुपादप्पांनी सांगितलं.

वाळूवर फळी ठेवून त्यांनी जीपचं पुढचं एक चाक उचललं आणि हाताने ढकललं. चाक भिंगरीसारखं गरगरलं. गुरुपादप्पांनी खिशातली जुन्या-नव्या हबच्या तुलनेची वही काढून नव्या हबच्या रकान्यात तिसरी फुली मारली. भर दुपारी मांजरा नदीच्या कोरड्या पात्रात मधोमध ते दोघे आणि एक सरकारी जीप, बाकी चिटपाखरू नव्हतं. लातूर वेगळा जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं आणि दुष्काळाचं दुसरं.

पाणीपुरवठा खात्याच्या त्या जुन्या जीप चारही चाकांवर ओढायच्या, पण आपोआप नाही. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध मुठीएवढा एक गोल डबा असतो, त्याला हब म्हणतात. रस्त्यावर तो मोकळा ठेवायचा, म्हणजे पुढची चाकं नुसती घरंगळतात. वाळू आली, की ड्रायव्हरने खाली उतरून दोन्ही बाजूंचे हब हाताने फिरवायचे. मगच इंजिनाचा जोर पुढच्या चाकांत उतरतो. साहेब लोकांना हे उतरणं-चढणं आवडत नसे. पण यंत्राला साहेब कळत नाही.

जुने हब लष्कराच्या लिलावातले होते. ओबडधोबड, बिडाचे, पान्याशिवाय न फिरणारे. ड्रायव्हर त्यांना शिव्या द्यायचे. नवे हब मात्र देखणे, वजनाला हलके, दोन बोटांनी फिरणारे, वर लाल बाण. पावसाळ्यातल्या चिखलात ते जुन्यापेक्षा सरस ठरले असते, हे गुरुपादप्पांनी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण पावसाळा होता कुठे? आतले दात एकमेकांत बसवायला नव्या हबात एक नाजूक स्प्रिंग होती आणि दुष्काळातली धूळ पिठासारखी बारीक. आपल्याकडच्या ड्रायव्हरांची खोड अशी, की धूळ जाऊ नये म्हणून हबात ग्रीस ठासून भरायचं. त्या ग्रीसमध्ये धूळ मिसळून लगदा व्हायचा आणि स्प्रिंगचा जोर तिथेच मरायचा. बाण लॉक दाखवायचा आणि आत काहीच लागलेलं नसायचं. गुरुपादप्पांनी ग्रीस पुसून काढून पाहिलं, तर नुसती धूळच आत जाऊन बसली. अकरा वेळा पात्र ओलांडलं, त्यात तीनदा हब खोटं बोललं. जुनं एकदाही नाही, कारण त्याचे दात माणूस स्वतःच्या हाताने बसवायचा आणि बसले की मनगटाला कळायचं.

"तुम्ही गाडी वाळूतच कशाला नेली?" वही चाळत व्यंकटराव साहेबांनी विचारलं. हे गॅरेजचे साहेब.

"पाणी बघायचं म्हंजे वाळूतच जावं लागतंय, साहेब. लोकायनी पाण्यासाठी झिरे नदीतच उकरलेत."

"गुरुपादप्पा, चाळीस जोड्या स्टोअरमध्ये येऊन पडल्यात."

म्हणजे माल आधी आला होता आणि तुलना नंतर मागवली होती. सोयरीक ठरल्यावर मुलगी बघायला बोलावतात, तशातली गत. साहेबांनी आवाज चढवला नाही, धमकीही दिली नाही. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांवर हात पालथा टेकवून बसले. एक टंकलिखित तुलनापत्रक, त्यात नवं हब सर्व बाबतींत सरस. दुसरा, नव्या जिल्ह्यात मंजूर झालेल्या एकुलत्या एका कायम मेकॅनिकच्या जागेसाठी गुरुपादप्पांची शिफारस.

गुरुपादप्पा सतरा वर्षं रोजंदारीवर होते. तेरा नांदेडच्या गॅरेजात, चार इथे. नवा जिल्हा झाला तेव्हा नांदेडहून दोन जीप लातूरला धाडल्या, त्यांच्याबरोबर हेही आले. जीपची नोंद कागदोपत्री झाली, यांची झाली नाही. सतरा वर्षांत त्यांच्या हाताखाली शिकलेले तिघे कायम होऊन त्यांच्यावर हुकूम सोडून गेले होते. पन्नाशी जवळ आली होती. पुढल्या भरतीत वय आडवं येणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी सही केली. रोज सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा तो माणूस. सही करताना त्यांचा हात छातीवरच्या इष्टलिंगाकडे गेला आणि त्यांनी तो तसाच खाली घेतला. त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं, हेही खरंच आहे.

संध्याकाळी त्यांनी निवृत्तीला बाजूला घेतलं. निवृत्ती बिलोलीकडचा, अकरा वर्षं कायम नोकरीत असलेला ड्रायव्हर. नांदेडपासून त्यांच्या जिवाभावाचा.

"हे बग, नव्या हबचा बाण खरा धरू नकोस. लॉक केलास की जॅक लावून चाक उचलायचं. हाताला जड लागलं तरच वाळूत घालायचं."

"मग कागदावर तसं कामून लिवलं, अप्पा?"

"तुला सांगायलो न्हवं? बास झालं."

गुरुपादप्पांची चूक झाली ती इथे. कागदावर लिहिलेलं खोटं तोंडी सांगितलेल्या खऱ्याने फिटतं, अशी त्यांची समजूत. आयुष्यभर तोंडी हुकमावर काम केलेल्या माणसाची दुसरी काय समजूत असणार?

दोन महिने निवृत्ती इमानाने चाक उचलून बघत राहिला. मग मुंबईचे पाहुणे दुष्काळ पाहायला आले. त्यांना नदीतले झिरे आणि घागरी घेतलेल्या बाया फोटोसाठी हव्या होत्या. काठावर निवृत्तीने हब फिरवले आणि जॅक काढला.

"साहेब, जरा पाच मिंट उतरता का? चाक बगून घेतो."

"बाण लॉकवर आहे ना? मग चल," व्यंकटराव आतूनच खेकसले. पाहुणे उन्हात उतरायला तयार नव्हते.

जीप पात्राच्या मध्यावर गेली आणि पोटापर्यंत रुतली. तिच्या मागची दुसरी जीपही. ज्या बाया दोन तास घागरी घेऊन झिऱ्यापाशी बसल्या होत्या, त्यांनीच त्या बाजूला ठेवून पाहुण्यांची जीप ढकलली. एका पाहुण्याची पांढरी विजार गुडघ्यापर्यंत वाळूने भरली आणि कुणीतरी हसलं. त्याच वाळूत आठवडाभर आधी पंपाचे सुटे भाग घेऊन निघालेली जीप रुतली होती, एक गाव दोन दिवस तहानेलं राहिलं होतं, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. विजार भरली आणि चौथ्या दिवशी चौकशी लागली.

चौकशीचे अधिकारी बाहेरचे, अमृतराव नावाचे. माणूस बरा होता. त्यांनी निवृत्तीला बसायला खुर्ची दिली.

"साहेब, म्या हब लावलं हुतं. पर ते खोटं दाखवतंय. अप्पानी मला आधीच सांगितलं हुतं, चाक उचलून बगत जा म्हणून. उचलू दिलं न्हाई."

अमृतरावांनी तुलनापत्रक उलटून सही पाहिली. मग गुरुपादप्पांकडे वळले.

"ही सही तुमची. हब सर्व बाबतींत सरस, असं तुम्ही लिहून दिलंय. मग ते खोटं दाखवतं, असं याला तुम्ही सांगितलं होतं का?"

हो म्हटलं असतं तर कागद खोटा, सही खोटी, आणि साहेबांच्या टेबलावर पडलेली शिफारस तिथेच फाटली असती. निवृत्ती मात्र वाचला असता. तो गुरुपादप्पांकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. अप्पा आता बोलतील, याची त्याला पुरी खात्री होती.

"न्हाई, साहेब," गुरुपादप्पा म्हणाले. "म्या असं काई सांगितलं न्हवतं."

निवृत्तीने मान खाली घातली.

हब चांगलं, म्हणजे ते न लावणारा ड्रायव्हर वाईट. हिशेब सरळ होता. निवृत्ती निलंबित झाला. त्यानंतर महिनाभराने गुरुपादप्पांच्या कायम नेमणुकीचा हुकूम आला. बायको रत्नम्माने तो देवापुढे ठेवला, दोन्ही हात जोडले आणि विचारलं, "तोंड का असं उतरलंय वो तुमचं?" गुरुपादप्पा म्हणाले, ऊन लागलंय.

निवृत्ती जीपचा ताबा द्यायला आला त्या दिवशी ते गॅरेजातच होते. उस्मानाबादहून बदलून आलेला शेषेराव नावाचा ड्रायव्हर गाडी ताब्यात घेत होता. निवृत्तीने त्याला स्टेपनी दाखवली, हत्यारांची पेटी दाखवली, किल्ली दिली. मग पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"हे हब हाय का? बाणावर जाऊ नका. लॉक केलं की चाक उचलून फिरवून बगायचं. जड लागलं तरच खरं."

"असं व्हय? कागदावर तर लई चांगलं लिवलंय त्येचं. तुमाला कुणी सांगितलं?"

गुरुपादप्पा चार हातांवर उभे होते. हातातलं फडकं त्यांनी घट्ट धरलं. निवृत्तीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"कुणी न्हाई," निवृत्ती उठत म्हणाला. "माजं मलाच कळलं."

विजारीची धूळ झटकून तो फाटकाकडे चालू लागला.