चोवीस घरांचा खोका

घाबरू नका, आत कोणी लपून बसलेलं नाही. बोलतोय तो मीच, पुठ्ठ्याचा खोका. एका कोपऱ्यातून फाटलोय, बुडाला वाळवी लागली आहे, म्हणून आवाज जरा घोगरा येईल. पण मी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मोडायचं नाही, असं ठरवून बसलोय.

माझा जन्म कलकत्त्याकडचा. भाताचं तणीस भिजवून, कुटून, त्याचा लगदा दाबून माझा पुठ्ठा केला. मग कोणीतरी आडव्या-उभ्या पट्ट्या एकमेकींत अडकवल्या आणि माझ्या पोटात चोवीस चौकोनी घरं तयार झाली. प्रत्येक घरात कंदिलाची एक काच. काचेला काच लागू द्यायची नाही, एवढंच माझं काम. मोठ्या आगगाडीनं, मग छोट्या आगगाडीनं मी मूल नावाच्या गावाला उतरलो, तेव्हा तेवीस काचा शाबूत होत्या. चोविसाव्या काचेबद्दल मला विचारू नका.

मूलच्या नूर मोहम्मदचं कंदील-बांगड्यांचं दुकान होतं. तो बैलबंडीत माल घालून वैनगंगेपलीकडच्या बाजारांना जाई. अशाच एका भादव्यातल्या बाजारात माझ्यातल्या काचा दुपारपर्यंत विकल्या गेल्या आणि मी रिकामा झालो. रिकाम्या खोक्याची वाट सरळ चुलीकडे जाते, हे मला ठाऊक होतं.

समोर सुकी मासोळी विकायला बसलेली एक बाई मघापासून माझ्याकडे पाहत होती. ती उठून आली, वाकून माझ्या आत डोकावली आणि बोटानं घरं मोजू लागली. तिचं नाव सुगंधाबाई.

"नूरभाऊ, हे खोकं मले देता का?"

"ले जाव, बाई. पण घडीभर जळंन, मंग काय?"

"जाळाले नाई. पाखरायले घरं पायजेत."

"कोंबड्या पाळून राह्यली का?" तो हसला.

"कोश्याची पाखरं, नूरभाऊ."

नूर मोहम्मदचं हसणं थांबलं. नदीपलीकडचं कोशाचं पीक दोन वर्षांपासून बुडतं आहे, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. त्यानं मला उलटं केलं, बूड ठोकून पाहिलं आणि स्वतःच्या हातानं सुतळीचे दोन पक्के फेरे मारून मला तिच्या डोक्यावर ठेवलं.

सुगंधाबाईचं घर ढिवरांचं. नदीत मासोळी आणि रानात कोसा, यावर चालणारं. कोसा म्हणजे रानरेशीम. पाखरू अंडी घालतं. अंड्यांतून निघालेले किडे ऐनाच्या झाडांवर सोडायचे. ते पानं खाऊन मोठे होतात आणि एक दिवस स्वतःभोवती रेशमाचं कवच विणून आत बसतात. त्यातले काही कोसे पुढच्या बियाण्यासाठी राखून ठेवतात. त्यांतून पाखरं निघतात, पुन्हा अंडी, पुन्हा किडे.

हे सारं सासरे देवाजी आणि नवरा लटारू बघत. बाईनं कोशाला हात लावायचा नाही, राखणीच्या रानात पाऊल टाकायचं नाही, असा त्या घरचा जुना नेम. सुगंधाबाईच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण झाडावरचा किडा तिनं एकदाही पाहिला नव्हता.

गेली दोन वर्षं मात्र किडे बोटाएवढे व्हायचे आणि विणायच्या तोंडावर काळे पडून उलटे लोंबायचे. आता घरात बियाण्याचे बेचाळीस कोसे उरले होते. तेही गेले तर बियाणंच संपणार होतं. लटारू लाकूडतोडीवर जायचं म्हणत होता. देवाजी जेवताना अर्ध्या ताटावरून उठत होते.

मला अंगणात पाहून ते म्हणाले, "हे काय आणलं?"

"मामाजी," सुगंधाबाई पदर सावरत सासऱ्यांना म्हणाली, "धानाचं बियाणं धरताना आपण रोगट लोंबी बाजूले काढतो ना? मंग कोश्याचं काऊन नाई? साऱ्या पाखरायची अंडी एकाच टोपल्यात. एक माय बिमार असली, त तिची अंडी साऱ्याइच्यात मिसळतेत. इथी हरेक मायले तिचं तिचं घर देऊ. मंग समजंन, कोणतं कोणाचं."

"बाईचा हात लागला त देव कोपते."

"हात खोक्याले लावीन. कोश्याले नाई."

लटारूला एकदम खोकला आला. देवाजी हो-नाही काही न म्हणता बाहेर गेले. त्या घरात याला होकार म्हणत.

तिला लिहिता येत नव्हतं. मग तिनं कोळशानं माझ्या प्रत्येक घरात एक खूण काढली. मासोळी, गळ, डोंगा, विळा, चंद्र, बैलाचं शिंग. शेवटी खुणा सुचेनात, तेव्हा चोविसाव्या घरात तिनं नूर मोहम्मदची टोपी काढली.

माझ्यावरच्या आढ्याला कोशांची माळ टांगली होती. गारगोट्यांसारखे टणक, मुके कोसे. मला ते मेलेलेच वाटत होते. चौथ्या दिवशी दिवेलागणीला एका कोशाचं टोक ओलं झालं. आतून कोणीतरी भिंत भिजवत होतं. मग दोन पाय बाहेर आले, मग ओलं केसाळ अंग, आणि पाठीवर चुरगाळलेल्या चिंध्या. ती मादी चिंध्यांचं गाठोडं घेऊन तिथंच लटकून राहिली. आणि त्या चिंध्या हळूहळू भरू लागल्या, उलगडू लागल्या, हळदीच्या रंगाचे वीतभर पंख झाल्या! प्रत्येक पंखावर एक गोल डाग, आणि त्या डागातून पलीकडचं दिसत होतं. मी काचा वाहिल्या आहेत, काच ओळखतो. पण ही काच कुठल्या भट्टीत झाली, ते मला आजही कळलेलं नाही.

सुगंधाबाई दारात उभी होती. तिचे हात आपोआप जोडले गेले होते.

एकोणीस माद्या निघाल्या. नरांशी जोडी जमून सुटल्यावर लटारूनं एकेकीला माझ्या एकेका घरात ठेवलं. त्या काही खात नव्हत्या. नंतर कळलं, त्यांना खायला तोंडच नसतं. अंडी घालायची आणि संपायचं, एवढ्यासाठीच आलेल्या. बाजरीच्या दाण्यांएवढी चपटी अंडी माझ्या भिंतींना चिकटत गेली, आणि मी श्वास धरून उभा राहिलो.

पाचव्या दिवशी सुगंधाबाई काडी घेऊन बसली. तिनं एकेक घर निरखलं. सात माद्यांचे पंख कधी नीट उघडलेच नव्हते, पोटावर काळे ठिपके होते, अंडी थोडी आणि विखुरलेली. ती काडीनं दाखवू लागली. "हे मासोळीचं घर. हे विळ्याचं. हे चंद्राचं. यायची अंडी नको."

देवाजी ताडकन उठले. "हातचं बियाणं फेकतेस? शेकड्यानं किडे होतील यायचे!"

"होतील, मामाजी. आणि बाकीच्यायले घेऊन मरतील."

लटारू कधी बापाकडे, कधी बायकोकडे पाहत होता. मग देवाजी माझ्याजवळ बसले, त्या सात घरांतली अंडी नखानं अलगद सोडवली आणि पानाच्या द्रोणात भरली.

"याइले मी पोसतो. नाल्याच्या पलीकडं, वेगळ्या झाडावर. पाहू कोण खरं."

नवव्या सकाळी माझ्या बाकीच्या बारा घरांत वळवळ सुरू झाली. लटारूनं मला डोक्यावर घेऊन रानात नेलं, माझ्यावर ऐनाच्या कोवळ्या डहाळ्या ठेवल्या. मुंगीएवढे किडे ओळीनं माझ्या भिंती चढले आणि पानांवर गेले. कोणी वाट दाखवली नव्हती. माझी घरं रिकामी झाली, आणि मी राखणीच्या झोपडीत लटारूची शिदोरी सांभाळत बसलो.

तिथून मला सगळं दिसे. किडे हिरवेगार झाले, कुशीला चांदीचे ठिपके आले. वारा थांबला की त्यांच्या खाण्याचा आवाज येई, बारीक सरी पडाव्यात तसा. लटारू दिवसभर गुलेरीनं खडे मारून कावळे हाकलत होता. कोजागिरी गेली, दिवाळी गेली. गेल्या दोन वर्षी याच दिवसांत किडे काळे पडले होते, म्हणून लटारू पहाटे झाडाखाली जाताना आधी डोळे मिटून घेई आणि मगच वर पाही.

एका सकाळी देवाजी नाल्याकडून आले आणि माझ्यावर हात टेकवून खाली बसले.

"तिकडचे सारे गेले, लटारू. काळे पडून लोंबले."

मग मान न उचलता त्यांनी समोरच्या झाडांकडे बोट केलं.

"अन् इकडचे?"

"विणून राह्यले, बाबा."

देवाजींनी वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग उठून गावाकडे चालू लागले.

दुपारी ते परतले, तेव्हा मागे सुगंधाबाई होती. रानाच्या काटेरी कुंपणाशी येऊन ती थबकली. आत पाऊल टाकेना.

"ये, बाई," देवाजी म्हणाले. "नेम माझ्या बापाचा होता. मी मोडून राह्यलो. देव मले विचारंन, तुले नाई."

ती आत आली आणि तिनं मान वर केली. ऐनाच्या डहाळ्यांना देठ बांधून कोसे लटकले होते, राखी, पिवळे, शेकड्यांनी, जिकडे पाहावं तिकडे. एक किडा अजून विणत होता. आपल्याच अंगाभोवती मान इकडून तिकडे, इकडून तिकडे फिरवत होता. धाग्याच्या जाळीआड तो आधी हिरवा दिसला, मग सावलीसारखा, मग दिसेनासा झाला. सुगंधाबाई तोवर पापणी न हलवता उभी होती. माझ्याही लक्षात आलं, की मी इतके दिवस इथं असून एवढं नीट पाहिलं नव्हतं.

"तोड," देवाजी म्हणाले. "पयला कोसा तू तोड."

तिनं हात वर नेला आणि मागे घेतला.

"आज नाई, मामाजी. आतलं विणणं सरलं नसंन. होऊ द्या."

आणि तिघंही त्या झाडाखाली बसून राहिले.

याला आता तीन हिवाळे झाले. प्रत्येक हंगामात मी माद्यांचं बाळंतघर झालो. चार गावांच्या बाया येऊन माझ्यात डोकावून गेल्या. पण पुठ्ठा तो पुठ्ठा. ओल लागली, वाळवी लागली, पट्ट्या सैल झाल्या. आज अंगणात पोचू नावाचा बांबूकाम करणारा गडी बसला आहे. माझ्यासारखाच, पण बांबूच्या कामट्यांचा खोका तो बनवणार आहे, आणि सुतळीनं माझी घरं मोजतो आहे. त्याचं झालं की मला फाडून कोंबडीच्या खुराड्यात अंथरतील. त्याचं मला काही वाटत नाही.

फक्त पोचूभाऊ, एक ऐकून घे. ही गोष्ट मी कोणाला बोललो नाही. माझी घरं काचेच्या मापाची होती, पाखराच्या नाही. माद्यांना माझ्यात पंख पुरते पसरता येत नव्हते. त्यांची टोकं माझ्या भिंतींना घासायची आणि पिवळी धूळ सांडायची. बाहेर दिसत नव्हतं, मला कळत होतं. तू मोजतोस ते बरोबर आहे, पण सुतळी तिथं कापू नकोस. आणखी दोन बोटं पुढं जाऊन काप.