हामूनकडचा झरोका

"आधी मला पुरा, मग त्या झरोक्याला हात लावा," झीवर म्हणाली, आणि एवढ्यातच तिचा दम संपला. पुढचं तिनं डोळ्यांनी सांगितलं.

उस्ताद बरात दारातच थबकले. एका हातात कालवलेल्या मातीचं घमेलं, दुसऱ्या हातात थापी. त्यांच्यामागे विटा घेऊन मी, त्यांची शेजारीण गोहर. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण स्वतःच्या बायकोपुढे हा माणूस किती टिकतो ते मला माहीत होतं, म्हणून मी आले होते.

"डॉक्टर सकाळी काय म्हणाले, ऐकलंस ना?" उस्ताद म्हणाले. "घरात धूळ येता कामा नये."

"मग धूळ बंद करा. वारा कशाला?"

"दोन्ही एकाच वाटेनं येतात गं."

"लोक तुम्हाला उस्ताद म्हणतात ना? मग वेगळं करून दाखवा."

वेगळं करायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं थोडंच होतं. झरोक्याला ओली चादर लावून झाली, दुहेरी करून झाली, आत जुने कपडे कोंबून झाले. दुपारपर्यंत चादरीवर चिखलाचा थर चढायचा आणि तरीही भाकरी दाताखाली कचकचायची. वारा त्या चिंध्यांमधून दिवसभर शिट्टी वाजवत राहायचा. त्या शिट्टीची आम्हाला इतकी सवय झाली होती की ती ऐकूही येत नसे.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला वारा सुटला की चार महिने हलत नाही. पूर्वी तो हामून तळ्यावरून यायचा, आणि आम्ही त्याची वाट बघायचो. वाऱ्याकडच्या भिंतीत झरोका ठेवायचा, त्यात काटेरी झुडपांच्या जुड्या ठासायच्या आणि वर पाणी मारायचं. भर दुपारी अंगावर चादर घ्यावी लागायची. हे झरोके काढावेत ते उस्तादांनीच. किती उंचीवर, किती तिरका, हे ते भिंतीला गाल लावून ठरवायचे. झीवरचा बाप मुलगा बघायला आला तेव्हा मुलाकडे त्यानं पाहिलंच नाही. झरोक्याखाली बसला, तिथेच घोरायला लागला, आणि उठल्यावर म्हणाला, मुलगी दिली. हा किस्सा झीवर अजून सांगते, आणि दर वेळी उस्ताद लाजतात.

मग तळं आटलं. वारा मात्र राहिला, आणि आता तो तळ्याचा तळच उचलून आणतो. मला त्याचा राग येतो. पण वाऱ्यावर रागावून काय करणार? गल्लीतले झरोके एकेक करून बुजवले गेले, आणि तेही उस्तादांनीच बुजवले. "उघडलेत तुम्ही, बुजवताय पण तुम्हीच. बरा धंदा काढलात, उस्ताद!" असं लोक म्हणायचे. ते हसायचे आणि वीट मागायचे. राहिला होता तो फक्त त्यांच्या घरचा.

मुलगा युनूस दूर उत्तरेला, गोरगानला असतो. तिकडे पाऊस पडतो, झाडं आहेत. मागल्या वर्षी तो आईला न्यायला आला होता. "वारा पडला की येते," झीवर त्याला म्हणाली. वारा पडला, पण तोवर ती अंथरुणाला खिळली होती. आता डॉक्टर म्हणतात, एवढा प्रवास तिला झेपायचा नाही.

"झरोका बुजवल्यावर खोलीची भट्टी होणार," झीवर म्हणाली. "वीज तर निम्मा दिवस नसते. मग मी काय करू?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.

"लावा विटा, उस्ताद," मी म्हटलं. "हिचं ऐकत बसलात तर संध्याकाळ होईल."

"गोहर, आधी तुझं तोंड बुजवायला पाहिजे," झीवर म्हणाली, आणि स्वतःच हसली. हसू खोकल्यात गेलं. खोकला थांबेचना. मी पाठ चोळत होते, उस्ताद घमेलं धरून नुसते उभे होते. रुमालावर पिवळट चिखल आला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि हात झरोक्याकडे केला. लावा एकदाच्या, असा.

उस्तादांनी चिंध्या उपसल्या. धुळीचा लोट आत आला. मी माझ्या ओढणीनं तिचं तोंड झाकलं. मी विटा देत गेले आणि ते लावत गेले. शेवटची वीट बसली आणि शिट्टी थांबली.

खोली एकदम गप्प झाली. इतकी वर्षं या घरात येत होते, पण वाऱ्याच्या दिवसांत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि मग त्या शांततेतून एक बारीक आवाज यायला लागला. सूंऽ, मग जरा थांबून पुन्हा सूंऽ.

"अजून येतोय कुठून तरी," उस्ताद म्हणाले. त्यांनी पंजा मातीत बुडवला आणि विटांच्या सांध्यांवरून फिरवायला लागले. वरून खाली, कडेकडेनं, फट शोधत. कुठेच फट नव्हती. तरी त्यांनी माती लिंपली, कान लावला, परत लिंपली. "अशी चूक माझ्याकडून कधी झाली नाही," ते पुटपुटले.

मला कळलं होतं.

"उस्ताद," झीवर म्हणाली, "तिकडे नाही. इकडे."

ते वळले. तिची छाती वर जात होती, खाली येत होती, आणि प्रत्येक वेळी तो आवाज होत होता. यंदा वारा सुटल्यापासून रोजच होत असणार. शिट्टीनं आम्हाला तो कधी ऐकूच दिला नव्हता. उस्ताद तिच्याजवळ जाऊन बसले. काय करावं ते न सुचून त्यांनी तोच मातीचा पंजा तिच्या छातीवर ठेवला. मग कपडे खराब होतील म्हणून घाईनं उचलायला लागले.

"राहू द्या," ती म्हणाली. "गार लागतोय."

मी उरलेल्या विटा उचलल्या आणि बाहेर पडले. दार ओढून घेताना पाहिलं, तर हातावरची माती वाळत आली होती आणि हात तिथेच होता.