कण्हेर आणि समुद्रगाय

किनाऱ्यावरच्या प्राणी-बचाव केंद्रात माझा नवरा समुद्रगाईचा राखणदार आणि मी त्याच आवारातली माळीण. जाळ्यात अडकून आई गेलेलं ते अर्धवट वाढलेलं जनावर टाकीत आलं, तेव्हापासून नवरा घरी फक्त अंघोळीपुरता यायचा. आमच्या किनाऱ्यावर समुद्रगाई बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, आणि हिने तर अन्नच सोडलेलं. समुद्रातलं गवत, कोबी, पालक, सगळं तसंच तरंगत राहायचं.

टाकीच्या कुंपणाला मी लावलेली कण्हेर मात्र गुलाबी फुलांनी लगडलेली. ती पाहिली की त्याचं डोकं फिरायचं.

"हिला छाटतेस, पाणी घालायला विसरतेस, तरी बघ कशी माजलीय! आणि माझ्या पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपतोय, तरी ती चाललीच."

"माझ्या कण्हेरीशी बरोबरी करू नकोस," मी चिडवायची. "फांदी खोचली की झाड. आणि कुठलं जनावर तोंड लावत नाही हिला."

त्याला हसवायला म्हणायची मी. पण आज सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. आज काही पोटात गेलं नाही तर उद्याची आशा धरू नका, म्हणाल्या. त्या गेल्यावर तो टाकीच्या पाइपाशेजारी बसून ढसाढसा रडला. मी कुंड्या भरायला निघून गेले.

दुपारी तो अनवाणी धावत आला. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"खाल्लं! अगं, खाल्लं तिने!"

"काय खाल्लं?"

"वाऱ्याने एक फूल पाण्यात पडलं. तिने हुंगलं, गिळलं. मग मी फांद्याच तोडून टाकल्या. पाला, फुलं, सगळं मटामटा! जनावर तोंड लावत नाही म्हणत होतीस ना? माझ्या पोरीने लावलं!"

जन्म बोटीवर गेलेला माणूस. मी हातमोजे घालून छाटणी करते, तर 'काय नखरे' म्हणून हसायचा. जनावरं का तोंड लावत नाहीत, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. हे काय सांगायचं असतं, असं वाटायचं मला.

"विष आहे रे ते!" मी किंचाळले. डॉक्टरीणबाईंना फोन लावत टाकीकडे पळाले. तो मागून आला आणि काठावर थिजून उभा राहिला. शेवटची फांदी अजून तिथेच पडली होती.

त्याची चाहूल लागताच ती पहिल्यांदाच आपणहून काठाशी आली आणि तोंड वर करून आणखी मागू लागली.